काकाजी, कासवाला रोज चुलीपाशी नेऊ नका

भंडारा जिल्ह्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाले, म्हणून गाळलंय. मजकूर थोडा आटोपशीर करून देते.

‘डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी लाखनीकडचा. नातू नागपूरला राहतो. त्याच्याकडे पाच वर्षं एक कासव होतं, काचेच्या पेटीत. उन्हाळ्यात ते लोक लहान फ्लॅटमध्ये गेले आणि कासव माझ्याकडे आलं. वावरातल्या घरी विहिरीजवळ सिमेंटचं टाकं आहे, सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट पाणी. पावसाळाभर मजेत होतं. दिवाळीपासून खाणं कमी झालं. आता पंधरा दिवस झाले, टाक्यात काहीच खात नाही, तळाशी बसून राहते. सकाळी पानी बरफावानी गार. म्हणून मी रोज रात्री घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्याला चुलीपाशी ठेवतो. तिथं ऊब लागली की दोन घास भात खाते. सकाळी परत टाक्यात सोडतो. घरची मंडळी पाठीला हळद-तेल लावते. जावई म्हणतात, टाक्यात पाणी तापवायचा रॉड टाका. शेजारी म्हणतात, पाण्याचा जीव आहे, गावतलावात सोडा, नाहीतर चिखलात पुरून द्या, आपल्याकडची कासवं तशीच राहतात. एक जण तर येऊन नखं मोजून गेला. पाठ ताटलीएवढी, सातेक इंच. डोळ्यामागे लाल पट्टा आहे. नातू संक्रांतीला येणार. तोवर याला काही झालं तर त्याला काय तोंड दाखवू?’

काकाजी, नमस्कार.

आधी आज रात्रीचं बोलू. घमेलं चुलीपाशी नेऊ नका आणि भात तर मुळीच देऊ नका. कासवाला घरातच ठेवा, पण आता आत आणलं की शिवरात्रीपर्यंत टाक्यात परत सोडायचं नाही. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल, घाई फक्त एवढ्याचीच आहे.

तुम्ही रोज रात्री हिवात टाक्यावर जाता, गार पाण्यात हात घालता, त्या जिवाला उचलून आणता. यात माया आहे, आणि म्हणूनच मला हे स्पष्ट सांगावं लागतंय. त्याला थंडीनं जेवढा त्रास होत असेल, त्याहून जास्त या रोजच्या ये-जा करण्यानं होतोय.

आपल्या अंगात एक चूल सतत पेटलेली असते. बाहेर हिव असो की वैशाखाचं ऊन, आतले ३७ अंश हलत नाहीत. गाईचंही तसंच, तिचे ३८-३९. कासवाच्या अंगात ही चूल नाही. पाणी जेवढं, तेवढंच त्याचं अंग. पाणी २५-२८ अंश असलं की ते पोहतं, खातं, हाताला चावायलाही बघतं. २० च्या खाली भूक मंदावते. १५ च्या आसपास पोटाचं काम जवळजवळ थांबतं. १० कडे उतरलं की हातपाय आखडून तळाशी निपचित बसतं, काळीजही अगदी सावकाश चालतं. दिवाळीपासून ते खात नाही म्हणजे रुसलंय किंवा आजारीच आहे असं नाही. पचवता येणार नाही ते खायचं नाही, एवढी समज त्याच्या अंगातच आहे.

आता त्याची एक रात्र बघा. आठ वाजता चुलीपाशी पाणी कोमट होतं, अंग तापतं, पोट जागं होतं. भूक लागते म्हणून भात खातं. तो भात पचायला या उबेत काही दिवस लागले असते. पण पहाटे सहाला तुम्ही त्याला टाक्यात सोडता आणि पोट पुन्हा बंद पडतं. भात आतच राहतो. शिळा भात मडक्यात आंबतो तसा तो आतड्यात आंबतो, वायू धरतो. दुसऱ्या रात्री त्याच्यावर आणखी दोन घास. त्यातच अंग एकदा तापतं, एकदा गारठतं. अशा वेळी रोगाशी झगडायची ताकद उरत नाही आणि फुप्फुसांचा आजार पकडतो. माझ्याकडे हिवाळ्यात आलेल्या आजारी कासवांपैकी बरीचशी अशीच होती, मायेनं रोज आतबाहेर केलेली.

यात आपल्या मुलखाचाही वाटा आहे. तुमच्याकडचं कासव मुळात अमेरिकेच्या दक्षिण भागातलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. त्याच्या मुलखात, विशेषतः उत्तरेकडे, थंडी आली की काही महिने मुक्कामाला येते. पाणी गार होतं आणि गारच राहतं. कासव तळाशी बसतं, कातडीतून, घशातून आणि शेपटीखालच्या वाटेतून पाण्यातला थोडाथोडा प्राणवायू घेतं आणि वसंतात वर येतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ८-१० वर असतो आणि दुपारी २७-२८ वर. कधी त्याहूनही खाली. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. अशा हवेत उथळ टाक्यातलं कासव धड झोपतही नाही, धड जागंही राहत नाही. म्हणून आपल्याकडे कासव सांभाळणाऱ्यानं एकच धरून चालावं: पाणी एकसारखं राहिलं पाहिजे. थोडं गार असलं तरी चालेल, पण रोज वर-खाली नको.

आता ते नखं मोजून गेलेल्या माणसाचं. वीस नखी कासवावर पैशाचा पाऊस पडतो असं सांगून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या आपल्या भागात फिरतात. त्याला पुन्हा दारात उभं करू नका. तुमच्या कासवाच्या पुढच्या पायाला पाच-पाच आणि मागच्याला चार-चार, मिळून अठरा नखं असणार. त्या जातीला तेवढीच असतात. डोळ्यामागचा लाल पट्टा, टणक हिरवट पाठ, पोटाकडून पिवळं आणि त्यावर काळे ठिपके, ही रेड इअर्ड स्लायडरची खूण. दुकानात रुपयाएवढं पिल्लू म्हणून विकतात आणि मग ते तीस-तीस वर्षं जगतं, हे घेताना कुणी सांगत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांनीही आपलं कासव नीट बघावं. पाठ मऊ कातडीची, पायाला तीन-तीन नखं आणि मागचे पाय झाकणारे पोटाचे दोन पडदे असतील, तर ते आपल्या बोड्यांतलं (लहान तळ्यांतलं), धानाच्या बांध्यांतलं देशी कासव आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील तर तेही देशी. ही दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरी ठेवता येत नाहीत, कितीही प्रेमानं ठेवली तरी, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची आहे. अशांनी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. काकाजी, तुमचं त्यात येत नाही. तुम्ही निर्धास्त राहा.

उद्या सकाळी उजेडात त्याला हातात घेऊन पाच मिनिटं नीट बघा. आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे. सातेक इंचाचं धडधाकट कासव किलोच्या आसपास भरतं. पोकळ, हलकं वाटलं तर काळजी. डोळे उघडे आणि सपाट हवेत, पापण्या फुगलेल्या नकोत. नाकाशी बोट न लावता बघत राहा, श्वासाबरोबर बुडबुडा येतो का? तोंडाच्या कडेला चिकट तार दिसते का? मान लांब करून, तोंड उघडून श्वास घेतं का? पाण्यात सोडल्यावर सरळ तरंगतं की एका अंगाला कलतं? कलणं ही फार महत्त्वाची खूण आहे. एका बाजूच्या फुप्फुसात पाणी किंवा पू धरला की ती बाजू जड होते आणि कासव तराजूसारखं तिरपं होतं. पोटात वायू धरला तरी तसंच दिसतं. पाठीवरून नख फिरवा. कुठे मऊ लागतं का, वास येतो का?

यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. तालुक्याच्या दवाखान्यात न्या, आणि तिथल्या डॉक्टरांना कासवाचा सराव नसेल तर त्यांनाच नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारायला सांगा. ते सेमिनरी हिल्सवर आहे. नेताना कोरड्या खोक्यात जुनं ओलसर फडकं घालून न्या, पाण्याच्या बादलीत नाही. आजारी कासव हिंदकळत्या बादलीत बुडून मरू शकतं. आणि एक गोष्ट लिहून खिशात ठेवा: आयव्हरमेक्टिन. गोचिड-जंतांसाठी गाई-शेळ्यांना हे इंजेक्शन आपल्याकडे सर्रास देतात. कासवासाठी ते विष आहे. कुणी द्यायला निघालं तर हात धरून थांबवा.

सगळं ठीक दिसलं, आणि तुमच्या पत्रावरून मला तसं वाटतं, तर घरातली सोय अशी करा.

जनावरांना पाणी पाजायचा मोठा प्लास्टिकचा टब घ्या, शंभरेक लिटरचा. माजघरात ठेवा, दारातून वारा येणार नाही अशा कोपऱ्यात. चुलीपाशी नको, आणि त्याचं कारण फक्त कासवाचं नाही. कासवाच्या अंगावर, त्याच्या पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासवाला काहीच होत नाही, पण माणसाला जुलाब-ताप येतो, लहान लेकरांना जास्त. अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आली ती याच कारणानं. ज्या चुलीवर भाकर भाजली जाते तिथं ते घमेलं नको. हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, आणि नातू आल्यावर त्यालाही धुवायला लावायचे.

टबात दहा-बारा इंच पाणी. आता यात तुमची विहीर कामाला येते. पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं, त्याच्यावर वाफ दिसते, हे तुम्ही जन्मभर बघताय. वरची हवा रात्रीतून गारठते, पण जमिनीच्या पोटातलं पाणी वर्षभर जवळपास तसंच राहतं, आपल्याकडे २४ ते २६ अंशांच्या आसपास. म्हणजे कासवाला हवं तसं पाणी तुमच्या दारात फुकट आहे. रोज सकाळी टबातलं निम्मं पाणी उपसा आणि ताजं उपसलेलं विहिरीचं पाणी घाला. रात्री टबाला बाहेरून दोन-तीन पोती गुंडाळा. माजघरात सकाळपर्यंत ते २० च्या खाली सहसा जाणार नाही. असं जमलं तर हीटरची गरजही नाही. हीटर घ्यायचाच असेल तर माशांच्या पेटीचा, आपोआप बंद-चालू होणारा, १०० वॉटचा, आणि त्याला जाळीचं कव्हर असलेला घ्या. लाईट दोन-चार तास गेली तरी एवढं पाणी लगेच गार होत नाही, घाबरू नका.

टबात एका बाजूला विटा रचून अशी पायरी करा की कासव पूर्ण कोरडं होऊन बसेल. तिच्यावर दीड फुटावर कोंबडीच्या पिल्लांना लावतात तो ६० वॉटचा पिवळा बल्ब, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. वायर नीट बांधा, बल्ब पाण्यात पडता कामा नये. दुपारी बारा-एकला ऊन चांगलं असलं की तासभर अंगणात, अर्धी सावली असलेल्या जागी ठेवा. काचेतून आलेलं ऊन चालत नाही, हाडं आणि कवच घट्ट करणारा उन्हाचा भाग काच अडवते. पाच वर्षं पेटीत राहिलेल्या जिवाला हे ऊन सगळ्यात जास्त हवंय.

पहिले दहा-बारा दिवस खायला काही देऊ नका. आतला भात बाहेर पडू द्या. पाण्यात विष्ठा दिसली, कासव चळवळ करायला लागलं, की मग दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला थोडं द्यायचं. भात, पोळी, मुरमुरे कायमचे बंद. अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारी ती बारीक हिरवी वनस्पती, मिळाला तर फारच उत्तम, गाईंसाठी कुणी ना कुणी वाफे केलेच असतील. तलावातलं शेवाळ, शेवग्याचा कोवळा पाला, मोहरीची पानं, आठवड्यातून एकदा बोटभर मासा काट्यासकट किंवा गांडूळ. सुके झिंगे आवडीनं खातं, पण त्यात खारटपणा असतो, क्वचितच द्या. फवारणी केलेल्या वावरातला पाला नको, हे तुम्हाला सांगायला नको.

हळद-तेल बंद करा. काकूंना सांगा, त्यांचा हात चांगल्या भावनेनंच लागलाय. पण कवच कोरडं होऊन उन्हात तापावं लागतं. तेलानं त्यावर घाण आणि बुरशी धरते आणि पाण्यावर तवंग येतो. जावयांना रॉडचा हिशेब सांगा. तुमच्या टाक्यात दोन फुटाला जवळपास १३६० लिटर पाणी बसतं. ते दहा अंशांनी तापवायला दीड हजार वॉटचा रॉड साडेदहा तास चालवावा लागेल, म्हणजे सोळा युनिट, आणि उघड्या टाक्यातून ती ऊब जात राहील ती वेगळी. शिवाय तापलेल्या रॉडला कासव चिकटलं की भाजतं, आणि रॉडात बिघाड असला तर पाण्यात हात घालणाऱ्या माणसाचाच जीव जातो. तो विचार सोडाच.

मग टाकं वाया गेलं का? नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याला तिथेच ठेवता येईल, आणि त्याची तयारी याच हिवाळ्यात करायची आहे. कासव आत असताना टाकं रोज मोजा. तापाचा थर्मामीटर उपयोगाचा नाही, तो ३५ च्या खाली दाखवतच नाही. दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटरबरोबर काचेचा थर्मामीटर वापरतात, तो आणा. एका बाटलीच्या गळ्याला दोरी बांधून, खाली दगड लावून टाक्याच्या तळाशी सोडा. दहा मिनिटांनी वर काढून लगेच त्यातलं पाणी मोजा. वरचं पाणी मोजण्यात अर्थ नाही, कासव तळाशी बसतं. सकाळी सहाला एकदा, दुपारी तीनला एकदा. दोन्हींमध्ये सहा-सात अंशांचा फरक येत असेल तर टाकं कासवाच्या लायक नाही, दोन-तीन अंशांचा असेल तर आहे.

माझा अंदाज, तुमच्याकडे फरक मोठा येईल. टाकं जमिनीवर बांधलेलं असेल तर चारही भिंतींतून ते गारठतं. उत्तर, पूर्व आणि पश्चिम या तीन बाजूंना कठड्यापर्यंत माती आणि मुरूम चढवा, धुमस करा. दक्षिण मोकळी ठेवा. हिवाळ्यात सूर्य तिकडून कलतो, ऊन तिथूनच येतं. उत्तरेला बांधावरच्या तुरीच्या तुराट्यांचा ताटवा उभा करा, वारा अडेल. पाणी तीन फूट करा. खोली जेवढी जास्त, तेवढं तळाचं पाणी कमी हलतं. वरून कुणी ताडपत्री झाकायला सांगेल. रात्री अर्ध्या भागावर झाकली तर चालेल, पण सकाळी काढलीच पाहिजे, नाहीतर दुपारी आत भट्टी होते. म्हणजे पुन्हा तेच वर-खाली.

भिंती सरळ असतील तर आतून उतार करा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गारठलेलं कासव अशक्त असतं. त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं, आणि १५-१८ अंशांच्या पाण्यात तर निपचित झोपलेल्या कासवापेक्षा जास्त वेळा. गुळगुळीत भिंतीला नखं लागत नाहीत, ते घसरत राहतं, दमतं आणि बुडतं. पोहणारा जीव बुडून मेला यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण तसं होतं. एक लांब खरबरीत फरशी तिरपी टाका, तळापासून पाण्याच्या वर हातभर, आणि तिच्या डोक्याशी उन्हात बसायला जागा. शेजारी दोन हात ओली माती ठेवा. नखं आखूड असतील तर ती मादी असावी, आणि मादी नर नसतानाही अंडी घालते, त्यासाठी उकरायला माती लागते. वरून जाळी हवीच. मुंगूस, बोका, कावळा, वावरात कोल्हासुद्धा. तणस टाक्याला लागून रचू नका. त्यात उंदीर घर करतात, आणि निपचित कासवाचे पाय उंदीर कुरतडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढच्या दसऱ्यापासून सकाळचं तळाचं पाणी १८ च्या खाली जायला लागलं की खाणं बंद. दोन-तीन आठवड्यांत पोट रिकामं होतं, मग खरी थंडी आली तरी आत सडायला काही नसतं. त्याआधी टाक्यातला पाला-कचरा काढून घ्या. दर तीन आठवड्यांनी किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा. दहाव्या हिश्शापेक्षा जास्त घटलं तर घरात आणायचं. सलग दोन सकाळी तळाचं पाणी १० च्या खाली गेलं तरी घरात आणायचं, आणि आणलं की मग उन्हाळ्यापर्यंत आतच. कडाक्याची थंडी येणार असं हवामान खात्यानं सांगितलं की आदल्या दुपारी चौथाई पाणी काढून विहिरीचं भरा. १४ चं पाणी १७ वर येतं, रात्र निभते. शेतीची लाईट रात्रपाळीची असेल तर दुपारी बादल्यांनी भरा, नातू असेल तर तोही ओढेल. चार इंचांपेक्षा लहान पिल्लू, आजारातून उठलेलं किंवा नुकतंच पेटीतून आलेलं कासव मात्र कुणीही हिवाळ्यात बाहेर ठेवू नये. तुमचं शेवटच्या प्रकारातलं आहे, म्हणूनच यंदा घरात.

शेजाऱ्यांचं म्हणणं राहिलं. देशी कासव बोडी आटली की चिखलात शिरून राहतं हे खरं आहे. पण ते स्वतः शिरतं, जागा आणि वेळ स्वतः निवडतं. माणसानं खड्डा करून वर माती लोटली तर तो जीव गुदमरतो, देशी असो की परदेशी. आणि गावतलाव? काकाजी, तुमच्या भागातले मालगुजारी तलाव कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळून बांधले, नवेगावबांध त्यातलाच. त्यात आपले मासे आहेत, शिंगाडा आहे, पाणपक्षी आहेत, आपली मऊ पाठीची कासवं आहेत. स्लायडर त्यात पडला की तेच अन्न खातो, उन्हाच्या त्याच जागा बळकावतो, आपल्या कासवांना नवे रोग देतो. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर परक्या जिवांची एक यादी आययूसीएन या निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या जागतिक संघटनेनं काढली, तिच्यात याचं नाव आहे. युरोपियन युनियननं १९९७ मध्ये याची आयात थांबवली. पौषातल्या गार तलावात, पेटीत वाढलेलं तुमचं हे कासव तगणं कठीण. तगलंच तर ढिवरांच्या जाळ्यात अडकून बुडेल, नाहीतर तीस वर्षं तलावाला पुरेल. दोन्ही नकोत. सांभाळणं झेपेनासं झालं तर मला परत लिहा, चांगलं घर शोधू.

आणखी एक सांगते, कारण संक्रांतीची धास्ती तुमच्या पत्रात दिसते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, जानेवारीत, एक शाळकरी मुलगा टॉवेलात गुंडाळून कासव घेऊन आला होता. घरच्यांनी तुळशीजवळ खड्डा खणून ठेवला होता, शेवटचं एकदा डॉक्टरांना दाखवू म्हणून आणलं. मान लोंबत होती, पापणीला बोट लावलं तरी हालचाल नाही. मलाही ते गेलंय असंच वाटलं. पण डोळे आत गेले नव्हते आणि वास नव्हता, म्हणून मी त्याला दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत, ओल्या फडक्यावर, डोकं थोडं उंच करून ठेवलं. शेगडी नाही, गरम पाणी नाही, फक्त खोलीची ऊब. दुपारी तीनच्या सुमाराला मी त्याचा मागचा पाय चिमटीत धरून हळूच ओढला. सोडल्यावर तो पाय आपल्याआप आत गेला. पूर्ण आत जायला अर्धं मिनिट लागलं असेल. मुलगा बाकावरून उठून उभा राहिला, बोलला काहीच नाही. तेव्हा कासव गेलंय असं वाटलं तरी खोलीच्या उबेत एक अख्खा दिवस दिल्याशिवाय माती लोटू नका.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते. त्यानंतर आठवडाभर टाक्याचं सकाळचं पाणी २० च्या वर राहिलं की एका दुपारी, उन्हात, त्याला बाहेर सोडा. तोवर एका वहीत टाक्याची सकाळ-दुपारची मापं लिहीत जा. नातू आला की ते काम त्याच्याकडे द्या, बाटली तळाशी सोडून ओढायला त्याला आवडेल. संक्रांतीपर्यंतची पानं मला पाठवा. माती किती चढवायची, पाणी तीन फूट पुरेल की साडेतीन लागेल, ते आकडे बघून नक्की सांगते.